खर्जाची किंमत

अडोर्नोने ग्रामोफोनविषयी निदान तीन निबंध लिहिले. 1920 च्या दशकाच्या अखेरीस सुईने आखलेल्या वक्ररेषांवर, 1934 मध्ये तबकडीच्या 'रूपा'वर आणि मृत्यूच्या वर्षी, म्हणजे 1969 मध्ये, ऑपेरा आणि लाँगप्ले तबकडी यांच्या नात्यावर. सुई आणि तबकडी या दोन वस्तूंना त्यामुळे समीक्षेच्या दरबारात जागा मिळाली. ज्या पेटीतून तो नाद अखेर खोलीत उतरतो, तिला मात्र ती कधी मिळाली नाही. स्पीकर म्हणजे बाजारातून आणायची वस्तू, फार तर अभियंत्याचा विषय, असेच मानले गेले. पाठभेदांवर हिरिरीने वाद घालणारा संशोधक ज्या दिव्याच्या उजेडात पोथी वाचतो, त्या दिव्याविषयी चकार शब्द काढत नाही; त्यातलाच हा प्रकार.

आमच्या मते स्पीकरचा, आणि विशेषतः स्वस्त स्पीकरचा, इतिहास हा निवडीचा इतिहास आहे. तबकडीत जेवढे कोरले आहे तेवढे सगळे जशाच्या तसे खोलीत आणणारी पेटी मध्यम ऐपतीच्या माणसाला आजवर मिळालेली नाही. तेव्हा काय ठेवायचे आणि काय सोडून द्यायचे, हे कोणीतरी ठरवावे लागते. ते आधी कारागीर ठरवतो आणि मग, बहुधा नकळत, ग्राहक.

प्रश्न मुख्यतः खर्जाचा आहे. स्पीकरचा कागदी शंकू पुढेमागे हलतो तेव्हा समोरच्या हवेत जी लाट उठते, तिच्या नेमकी उलट लाट पाठीमागे उठते. खालच्या स्वरांत या दोन्ही लाटा वळून एकमेकींना भेटतात आणि परस्परांना खाऊन टाकतात. म्हणून शंकू पेटीत बसवायचा. पण लहान पेटीत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी ताठ असते. ती शंकूला मोकळेपणी हलू देत नाही आणि खर्ज वरच अडकतो. 1950 पर्यंत यावर उपाय एकच होता: पेटी मोठी करा. 1946 पासून अमेरिकेतील आर्कान्सॉ राज्यात बनू लागलेला क्लिप्शहॉर्न हा त्या काळचा मानबिंदू. कर्ण्याच्या तत्त्वावर चालणारे हे भव्य कपाट खोलीच्या कोपऱ्यात उभे करावे लागे, कारण कोपऱ्याच्या भिंती हाच त्याच्या कर्ण्याचा शेवटचा भाग होता. अशी वस्तू घ्यायची तर पैशांआधी घर हवे.

कोलंबियाची लाँगप्ले तबकडी 1948 मध्ये आली. तीन-चार मिनिटांत संपणारी बाजू वीस-बावीस मिनिटे चालू लागली, पृष्ठभागाची खरखर कमी झाली, आणि उत्तम ध्वनीची हौस श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून नोकरदारांच्या घरात शिरली. लहान पेटीची गरज आता खरी गरज झाली.

ती भागवणारा एडगर विलचर हा मूळचा कलेतिहासाचा पदव्युत्तर विद्यार्थी होता. इलेक्ट्रॉनिक्स तो दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असताना शिकला. पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात तो ध्वनिपुनर्निर्मिती हा विषय शिकवत असे. त्याने प्रश्न उलटा करून पाहिला. पेटीतली हवा स्प्रिंगसारखी वागते ही अडचण का मानायची? शंकूला जागेवर धरून ठेवणारी मूळची ताठ कड सैल करून टाकावी, पेटी हवाबंद करावी आणि शंकू सावरण्याचे काम आतल्या हवेवरच सोपवावे. हवेची स्प्रिंग कापडाच्या किंवा कागदाच्या स्प्रिंगपेक्षा कितीतरी अधिक नियमाने वागते, त्यामुळे स्वरातील विकृतीही घटते. पहिल्या नमुन्यासाठी सैल कड त्याच्या पत्नीने गादीच्या खोळीच्या कापडातून बेतून दिली. हेन्री क्लॉस या आपल्या विद्यार्थ्याला बरोबर घेऊन त्याने 1954 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. तिचा पहिला स्पीकर, एआर-1, 185 डॉलरना मिळे. 1957 चा एआर-2 शंभर डॉलरच्या आत आला. 1958 चा एआर-3 उंचीला सुमारे 25 इंच आणि रुंदीला 14 इंच, म्हणजे पुस्तकांच्या भक्कम फळीवर आडवा मावेल एवढा होता.

'बुकशेल्फ स्पीकर' हा शब्दप्रयोग रुळला तो या पेट्यांमुळे. मजकुराचा साठा आणि नादाचा उगम एकाच फळीवर यावेत, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांना सुखावणारी आहे खरी. मात्र फळीवर पुस्तकांत दाबून बसवलेला स्पीकर सहसा चांगला वाजत नाही, हेही लगेच सांगितले पाहिजे.

या शोधाची किंमत कोणती? क्लॉसने 1957 मध्ये वेगळे होऊन लो आणि हॉफमन या भागीदारांसह केएलएच ही कंपनी काढली. त्यातील हॉफमनच्या नावाने एक नियम ओळखला जातो. खोल खर्ज, लहान पेटी आणि कमी विजेत मोठा आवाज या तीन गोष्टींपैकी कोणत्याही दोनच एका वेळी मिळतात. हिशेब निर्दय आहे. पेटी तेवढीच ठेवून खर्ज एक सप्तक खाली न्यायचा, तर स्पीकरची कार्यक्षमता एक-अष्टमांश होते. विलचरने कार्यक्षमता सोडली आणि खर्ज व आकार राखला. त्याच्या पेट्यांना त्या काळच्या मानाने जास्त ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर लागे. हा सौदा त्याने डोळसपणे केला होता आणि तो काळाच्या दिशेशी जुळला, कारण पुढील दोन दशकांत वॅट स्वस्त होत गेले.

मग स्टीरिओ आला. ब्लमलाइनने इंग्लंडमध्ये 1931 मध्येच एका खाचेत दोन वाहिन्या कोरण्याची कल्पना पेटंटसाठी मांडली होती. बाजारात स्टीरिओ तबकड्या 1958 मध्ये उतरल्या. आता स्पीकर एकाऐवजी दोन हवेत, खर्च दुप्पट, जागा दुप्पट. दोन भव्य कपाटांसाठी मोकळे कोपरे किती घरांत असणार? लहान हवाबंद पेटी चार वर्षे आधीच तयार होती म्हणून स्टीरिओ सामान्य घरात राहू शकला, असे म्हणण्यास आम्हांला संकोच वाटत नाही. 1960 च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील घरगुती स्पीकरांच्या बाजाराचा सुमारे तिसरा हिस्सा एकट्या अकूस्टिक रिसर्चकडे होता. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल रेल्वे स्थानकात कंपनीने एक श्रवणकक्ष उघडला होता. तेथे कोणीही यावे, बसावे, ऐकावे. विक्री मात्र होत नसे. विक्रेता पाठीशी उभा नसताना ऐकण्याची ही सोय आज दुर्मीळ आहे.

विलचरचे पेटंट न्यायालयात टिकले नाही आणि हवाबंद पेटी सर्वांची झाली. 1967 मध्ये कंपनी विकून तो कमी ऐकू येणाऱ्यांच्या श्रवणयंत्रांकडे वळला. तेथील आपले संशोधन त्याने पेटंट न घेता जगाला खुले केले.

इंग्लंडमधील सौदा वेगळा होता. 1970 च्या दशकाच्या आरंभी बीबीसीच्या संशोधन विभागाने बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीत मावेल असा एक स्पीकर घडवला. एलएस 3/5ए हे त्याचे रुक्ष नाव. बाराएक इंच उंच, सुमारे पाच लिटर हवा. गाडीत बसून निवेदकाचा आवाज बरोबर येतो की नाही हे पारखणे, हे त्याचे काम. म्हणून येथे खोल खर्ज सरळ सोडून दिला आणि मानवी कंठाचा पट्टा जिवापाड सांभाळला. मजा अशी की, खर्जाच्या जरा वरच्या पट्ट्यात किंचित उठाव असल्याने तो नसलेल्या खर्जाचा भास निर्माण करतो. कार्यक्षमताही बेताची: एका वॅटला सुमारे 83 डेसिबल. 89 डेसिबलच्या स्पीकरइतका आवाज काढायचा तर चौपट वीज हवी. स्वस्त स्पीकर घेताना हा एक आकडा न पाहणारा माणूस पुढे अ‍ॅम्प्लिफायरवर ती बचत फेडतो.

याच दशकात स्पीकरचे आसन डळमळीत करणारा एक सिद्धान्त स्कॉटलंडहून आला. ग्लासगोची लिन ही कंपनी 1973 ची. तिचे म्हणणे असे की, पैसा आधी टर्नटेबलवर घाला. सुईने जे उचललेच नाही, ते कोणताही स्पीकर परत आणू शकत नाही. ग्रंथसंपादनाच्या भाषेत सांगायचे तर आधी संहिता शुद्ध करा, अर्थ लावण्याचे नंतर पाहू. तर्क बिनतोड वाटतो, आणि इंग्रजी श्रवणमासिकांनी तो दशकभर मिरवला. पण त्यात एक गफलत आहे. बऱ्या दोन टर्नटेबलांत जो फरक ऐकू येतो, त्याच्या कितीतरी पट फरक दोन स्पीकरांत असतो, कारण चुका करण्याला तिथे वाव जास्त आहे. आणखी एक गंमत. लिनच्या प्रसिद्ध टर्नटेबलमधील स्प्रिंगांवर तरंगणारी बैठक ज्या घराण्यातली आहे, त्या घराण्याचा एक मूळपुरुष म्हणजे अकूस्टिक रिसर्चने 1961 मध्ये 58 डॉलरना विकायला काढलेले टर्नटेबल. ते विलचरनेच रचले होते. स्पीकर महत्त्वाचा मानणाऱ्या माणसाने टर्नटेबलची हेळसांड केलेली नव्हती.

आमचा निवाडा विचाराल तर, सुई झिजलेली नसावी आणि दांडीचा भार योग्य असावा, एवढ्यावर तडजोड नको. झिजलेली सुई तबकडी कायमची खरवडते. तेवढे साधले की उरलेल्या पैशांतला मोठा वाटा स्पीकरवर घालावा.

स्पीकर कोणता, या प्रश्नाला तबकडी ऐकणाऱ्यांपुरता एक वेगळा पदर आहे आणि त्याची चर्चा क्वचितच होते. तबकडीवर खर्ज मुळात दाबून कोरलेला असतो, नाहीतर खाचा फार रुंद होतील आणि बाजू लवकर संपेल. 1954 पासून रूढ झालेल्या प्रमाणानुसार अ‍ॅम्प्लिफायर तो पुन्हा उचलून देतो. पण उचलताना तो टर्नटेबलची घरघर आणि वाकड्या तबकडीची हेलकावणीही उचलतो. ही हालचाल कानाच्या मर्यादेच्या खाली, दहाएक हर्ट्झच्या आसपास असते. ऐकू काहीच येत नाही, शंकू मात्र वेड्यासारखा पुढेमागे डोलताना दिसतो. हवाबंद पेटीतला शंकू आतल्या हवेने सावरला जातो. ज्या पेटीला खर्जासाठी नळी किंवा भोक ठेवलेले असते, तिच्यात इतक्या खालच्या कंपनांना हवेचा आधार उरत नाही. थील आणि स्मॉल या दोघांच्या गणितामुळे 1970 च्या दशकापासून अशा भोकवाल्या पेट्या नेमक्या हिशेबाने करता येऊ लागल्या, आणि आजचे बहुतेक स्वस्त स्पीकर त्याच जातीचे आहेत. ते वाईट नाहीत. थोडक्या पैशांत त्यांच्याइतका खर्ज दुसरे कोणी देत नाही. पण तबकड्या ऐकायच्या असतील तर अ‍ॅम्प्लिफायरला अतिखर्ज गाळण्याची सोय आहे का, हे विचारून घ्यावे, नपेक्षा हवाबंद पेटी शोधावी. आणि स्पीकर टर्नटेबलच्याच टेबलावर तर मुळीच ठेवू नये. त्याचा कंप सुईत शिरतो आणि तोच फिरून स्पीकरमधून येतो. आज पेटीतच स्पीकर बसवलेले जे सूटकेसवजा प्लेअर भेट म्हणून दिले जातात, त्यांचा हा जन्मजात रोग आहे.

जुन्या पेट्यांचा मोह बऱ्याच जणांना होतो, आणि तो अगदीच अनाठायी नाही. फक्त 1970 नंतरच्या अनेक स्पीकरांच्या शंकूंची कड फोमची असते आणि ती पंधरा-वीस वर्षांत कुजते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर बोट लावताच भुगा हातात येतो. कड नवी बसवून मिळते. शंकू फाटला असेल तर तो स्पीकर सोडून द्यावा.

किंमत आणि गुण यांचे नाते किती सैल आहे, हे फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत केलेल्या आणि 1980 च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांतून दिसले. स्पीकर पडद्याआड ठेवले की बहुतेक श्रोत्यांची पसंती सपाट, समतोल स्वराकडे झुकते. 1994 मध्ये त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर आधी झाकून आणि मग उघडे ठेवून ऐकवले, तेव्हा गुण बदलले. म्हणजे आकार आणि नाव पाहूनही कान मत बनवतात. टूल यांचे आणखी एक निरीक्षण उपयोगाचे आहे. दोष ओळखायचे असतील तर एकच स्पीकर ऐकावा. दोन वाजू लागले की जागेचा भास दोषांवर पांघरूण घालतो.

आपल्याकडे हा सल्ला अधिकच लागू पडतो. मराठी घरांतील जुन्या संग्रहात, म्हणजे नाट्यपदांच्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्यांत आणि ख्यालगायनाच्या सुरुवातीच्या लाँगप्लेंत, एकवाहिनी मुद्रणच जास्त आहे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीला तिची वेगळी, जाड सुई लागते. तिच्यात खोल खर्ज जवळजवळ कोरलेलाच नसतो, त्यामुळे तिच्यासाठी मोठ्या पेटीवर केलेला खर्च वाया जातो. कंठाचा पट्टा सांभाळणारी बीबीसीच्या वळणाची लहान पेटी तिथे शोभते. डग्ग्याचा घुमारा आणि खर्जाच्या तारेचा भरणा हवा असलेल्या लाँगप्लेच्या श्रोत्याने मात्र आकारात कसर करू नये. खरेदीला जाताना तोंडपाठ असलेली एक विलंबित ख्यालाची तबकडी घेऊन जावे, दुकानदाराला एकच स्पीकर जोडायला सांगावे आणि आवाज बोलण्याच्या पातळीवर ठेवावा. गायक आलाप घेत असताना त्याच्या आवाजाखाली तानपुऱ्याच्या चारही तारा सुट्या ऐकू येतात का, आणि सम येते तेव्हा डग्गा वाजतो की नुसती पेटी वाजते, एवढे दोन प्रश्न दहा मिनिटांत सुटतात.