साखरपुड्याची अंगठी : शुद्धतेपलीकडचे प्रश्न

साखरपुड्याची अंगठी घेताना बहुतेक कुटुंबे तीन गोष्टी विचारतात : सोने किती कॅरटचे, घडणावळ किती आणि हिरा खरा की खोटा. ते सोने आणि तो हिरा कोठून आला, हे सहसा विचारले जात नाही. लोहखनिजाच्या खाणींमुळे गाळाने भरलेली शेते आणि नाले पाहिलेल्या गोव्याला मात्र हा प्रश्न परका वाटू नये. जमिनीतून काढलेल्या वस्तूची काही किंमत खाणीच्या आसपास राहणाऱ्यांनाही चुकवावी लागते.

सोन्याचा उगम

टनभर खनिजातून अनेकदा काही ग्रॅमच सोने निघते. त्यामुळे एका अंगठीपुरत्या सोन्यासाठीही टनांच्या हिशेबात खडक फोडावा लागतो. मोठ्या खाणींत हे सोने सायनाइडच्या द्रावणाने वेगळे केले जाते. जानेवारी २००० मध्ये रुमानियातील बाया मारे येथे अशा द्रावणाचा बांध फुटला आणि विषारी पाणी तिसा नदीतून पुढे डॅन्यूबपर्यंत गेले. मोठ्या प्रमाणावर मासे मेले. आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि आशियातील अनेक छोट्या खाणींत सोने वेगळे करण्यासाठी पारा वापरतात. पारा सोन्याला धरून ठेवतो. ते मिश्रण तापवले की त्याची वाफ होते आणि ती मजुरांच्या श्वासात व हवेत जाते. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालानुसार, मानवी व्यवहारांमुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्यापैकी सुमारे ३८ टक्के पारा अशा खाणकामातून येतो.

२०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीच्या झालेल्या हॉलमार्कमध्ये भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो. त्यावरून फसवणूक टळते, पण सोने कोणत्या खाणीतले हे कळत नाही.

हिऱ्याचे प्रमाणपत्र

सिएरा लिओनमधील यादवीत (१९९१–२००२) बंडखोरांनी हिरे विकून शस्त्रे घेतली. असे व्यवहार रोखण्यासाठी २००३ मध्ये किंबर्ली प्रक्रिया सुरू झाली. मात्र तिची व्याख्या मर्यादित आहे. सरकारविरोधी बंडखोरांच्या युद्धाला पैसा पुरवणारे कच्चे हिरे तेवढे तिच्या कक्षेत येतात. मजुरांची पिळवणूक, सुरक्षा दलांची हिंसा किंवा नदीचे नुकसान त्यात मोजले जात नाही. शिवाय ते प्रमाणपत्र कच्च्या मालाच्या पेटीला मिळते, एकेका हिऱ्याला नाही. जगातील बहुसंख्य हिऱ्यांना सुरतेत पैलू पडतात; तिथे निरनिराळ्या खाणींचा माल एकत्र आला की एखाद्या खड्याचा माग काढणे कठीण होते.

प्रयोगशाळेत घडवलेला हिराही कार्बनचाच स्फटिक असतो. तो प्रचंड दाब व उष्णता देऊन किंवा मिथेन वायूतील कार्बनचे थर चढवून तयार होतो. नुसत्या भिंगाने तो ओळखता येत नाही. त्यासाठी खाण लागत नाही, परंतु वीज भरपूर लागते. ती कोळशावरची असेल तर ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द तपासूनच घ्यावा. या हिऱ्यांचे भाव अलीकडच्या काळात बरेच उतरले आहेत. पुनर्विक्रीत फारसे मोल मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

घरातले सोने

नव्या खाणकामाची गरज न लागणारे सोने अनेक घरांत असतेच : वापरात नसलेली पाटली, एकटे उरलेले कर्णफूल, तुटलेली साखळी. त्यातून घडवलेल्या अंगठीला आजीच्या हाताची आठवणही लाभते. मात्र मोड देण्याआधी खड्यांचे वजन वजा करून सोने तोलावे, त्याचा कस पाहावा आणि घट किती धरली जाईल ते ठरवावे. आपलेच सोने वापरले जावे अशी इच्छा असेल, तर ते समोर आटवण्याची अट आधीच घालावी. एरवी मोड दुसऱ्या सोन्यात मिसळते. हिरा बसवायचा असल्यास १८ कॅरट सोने अधिक टणक असल्याने खडा घट्ट धरते. जुन्या अंगठीतील हिरा नव्या कोंदणात बसवणे हाही उत्तम पर्याय आहे.

खरेदीच्या वेळी

सराफाला पुढील गोष्टी विचाराव्यात :

- सोने नव्या खाणीचे, पुनर्वापरातले की ‘फेअरमाइन्ड’सारख्या प्रमाणित छोट्या खाणीचे?
- हिरा नैसर्गिक की प्रयोगशाळेतला, आणि तसे बिलावर लिहून मिळेल का?
- प्रमाणपत्रावरील क्रमांक हिऱ्याच्या कडेवर कोरलेला आहे का?
- नैसर्गिक हिरा कोणत्या देशातला आहे?

एचयूआयडी क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तिथेच तपासता येतो. उगमाविषयीची उत्तरे प्रत्येक दुकानात मिळतीलच असे नाही. ‘सगळे नैतिक मार्गाने आलेले आहे’ एवढ्याच तोंडी आश्वासनावर मात्र विसंबू नये. गिऱ्हाईक हे प्रश्न विचारू लागले, तरच सराफ ते घाऊक व्यापाऱ्याला विचारील.