पिवळी पाटी, केशरी कार्ड

माझ्या लहानपणी लोणावळ्यात आजारी पडायचं तर आधी बाप कुठे कामाला आहे ते सांगावं लागे. रेल्वेत असला तर रेल्वेचा दवाखाना. नौदलात असला तर ‘कस्तुरी’, कारण १९४५ पासून इथे आयएनएस शिवाजी आहे आणि त्यांचं रुग्णालयही इथलंच. आमचा बाप कुसगावात भात लावायचा. त्याला दोन्ही दारं बंद. आई तांदळाच्या डब्यात तळाशी पैशांची पुरचुंडी ठेवायची, आणि ती पुरली नाही की गोठ्यातलं एखादं जनावर बाजारात जायचं. कुठला बैल कुणाच्या तापात गेला, यावरून आमच्या घरात वर्षं लक्षात राहायची.

१९७५ साली मी पिंपरीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला लागलो. हजेरी, मस्टर, पगारपत्रक आणि ईएसआयचे फॉर्म. छत्तीस वर्षं मी एकच प्रश्न सोडवत बसलो: हा माणूस पात्र की अपात्र?

ईएसआय म्हणजे आपल्याकडची पगारातून कापून घेतलेली आजारपणाची पहिली मोठी शिल्लक. तिचा आराखडा प्रा. बी. पी. अदारकरांनी १९४४ साली सरकारला दिला. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं तेव्हा डॉ. आंबेडकरांकडे होतं. कायदा झाला १९४८ साली, योजना सुरू झाली २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत, आणि १९५४ मध्ये मुंबईत आली. कामगाराने थोडं घालायचं, मालकाने जास्त, आणि घरातल्या सगळ्यांचं औषधपाणी त्यातून. कल्पना सोन्यासारखी. पण दाराशी एक दोरी बांधलेली होती, पगाराची. सुरुवातीला महिना ४०० रुपये. त्याहून जास्त मिळवणारा आपलं आपण बघून घेईल, असं धरलेलं. मी लागलो त्या साली दोरी १,००० वर गेली, १९८५ मध्ये १,६०० वर, १९९२ मध्ये ३,००० वर.

दोरी काय चीज असते ते मला १९९५ साली कळलं. कारखान्यात पगारवाढीचा करार झाला, पेढे वाटले गेले. आमच्या शॉपमधल्या एका फिटरचा पगार २,९०० वरून ३,१०० च्या पुढे गेला. तीन दिवसांनी तो टाइम ऑफिसच्या खिडकीशी आला. बायकोची किडनीची औषधं ईएसआयच्या पॅनल डॉक्टरकडून चालू होती. “साहेब, माझे दोनशे रुपये कमी लावता येतील का?” पगार वाढवून मागणारे मी ढिगाने पाहिले होते, कमी करून मागणारा पहिलाच. ओव्हरटाइम या मर्यादेत धरत नाहीत, मूळ पगार मात्र धरतात. त्यामुळे माझ्या हातात काही नव्हतं. एवढंच सांगितलं, की वाढ मधल्या महिन्यात झाली असली तरी चालू सहामाहीची वर्गणी संपेपर्यंत नाव निघत नाही. दार उघडं आहे तोवर औषधं भरून घे. १९९७ च्या जानेवारीत मर्यादा ६,५०० झाली आणि तो पुन्हा आत आला. मधले दिवस त्याने कसे काढले ते मी विचारलं नाही. आज ती मर्यादा २१,००० आहे, २०१७ पासून.

त्या फिटरसाठी काही करता आलं ते आमच्या लोकलच्या डब्यात. पुणे–लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली आणि आम्हा मावळातल्या नोकरदारांना जणू दुसरं गाव मिळालं. सकाळच्या गाडीत आमची एक भिशी होती, दवापाण्याची. दरमहा वीस रुपये, पुढे पन्नास. चिठ्ठी नाही, लिलाव नाही. ज्याच्या घरी आजारपण, त्याने उचलायची आणि वर्षभरात परत भरायची. नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले. पास असलेलाच सभासद. वर्षभर त्याच डब्यात बसलेला. आणि कामशेतच्या अलीकडे उतरणारा नको, कारण तो पळाला तर शोधायचा कुठे! एकदा सासूच्या मोतीबिंदूसाठी उचलता येईल का, यावरून तळेगावपासून मळवलीपर्यंत वाद रंगला. शेवटी ठरलं, सासू आपल्या घरी जेवत असली तर चालेल. सरकारी परिपत्रकात ‘अवलंबित’ या शब्दाची याहून चांगली व्याख्या मी वाचलेली नाही. फिटर चिंचवडचा, आमच्या नियमात बसत नव्हता. त्याच्यासाठी माझ्या नावावर दोनदा उचल काढली. वहीत कारण लिहिलं, ‘घरगुती’.

गावात मात्र वेगळी दोरी आली, रंगाची. १ मे १९९९ पासून राज्यात रेशनकार्डं तिरंगी झाली. वर्षाचं उत्पन्न १५,००० पर्यंत असेल तर पिवळं, त्यापुढे लाखापर्यंत केशरी, वर पांढरं. नुसतं उत्पन्नच नव्हे: पिवळ्या कार्डासाठी घरात फोन नको, चारचाकी नको, जिरायत जमीन दोन हेक्टरांपेक्षा जास्त नको. केशरीलाही चारचाकी चालत नाही, पण टॅक्सीचालकाला त्यातून सूट. मूळ सोय धान्याची. पुढे दवाखान्याचं दारही याच रंगाने उघडायला लागलं.

त्याच सुमारास द्रुतगती मार्ग आमच्या शिवारातून गेला. कुणाची जमीन रस्त्यात गेली, कुणी बंगलेवाल्यांना विकली. आमच्या आळीतल्या दोन भावांनी आलेल्या पैशांतून एकेक गाडी घेतली. थोरल्याने पांढऱ्या पाटीची जीप, पाहुण्यारावळ्यांत मिरवायला. धाकट्याने पिवळ्या पाटीची, भाजे-कार्ल्याला पर्यटक फिरवायला. थोरल्याचं कार्ड पांढरं झालं, धाकट्याचं केशरी राहिलं. दोघांची चूल एकाच भिंतीला टेकलेली, भात एकाच बांधावरचा. तेव्हा थोरला हसत म्हणायचा, आम्ही रेशनच्या गव्हावर थोडेच जगतो!

राज्याची जीवनदायी योजना १९९७ पासून होती, पण ती दारिद्र्यरेषेखालच्यांची. केशरी कार्डाला खरी किंमत आली ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेने. कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार, पिवळ्या आणि केशरी दोन्हींना. २ जुलै २०१२ रोजी ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात रायगड होता, पुणे नव्हता. म्हणजे बोरघाट उतरून खोपोलीत राहणारा पात्र आणि घाटावरचा कुसगावकर अपात्र! तेच दुखणं, तोच पाऊस, मध्ये फक्त जिल्ह्याची हद्द. खोपोलीत दिलेल्या लेकीच्या कार्डावर आईचं नाव चढवता येईल का, असं विचारायला माझ्याकडे दोन घरची माणसं येऊन गेली. पुण्याची पाळी २१ नोव्हेंबर २०१३ ला आली.

पुढच्याच पावसाळ्यात दोघा भावांपैकी थोरल्याच्या छातीत दुखलं. धाकट्याच्या दुखलं असतं तर काही प्रश्न नव्हता. थोरल्याने जीप विकली. आमच्या लहानपणचा बैल आणि त्याची जीप यांत मला फारसा फरक दिसला नाही. उत्पन्न, जमीन, फोन, गाडी, सगळं मोजणारा नियम माणूस आज किती आजारी आहे एवढंच मोजत नव्हता. नियम करणाऱ्याला मी दोष देत नाही. मीही खिडकीमागे बसून तेच केलं. पण दोरी बांधायची तर ती कधीतरी जाऊन बघावीही लागते. पंधरा हजारांचा आकडा १९९९ चा, आणि तो किती वर्षं तसाच राहिला ते मावळातल्या कुठल्याही रेशन दुकानदाराला विचारा.

२०१७ मध्ये योजनेला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डालाही ती लागू झाली, आणि रक्कम पाच लाखांवर गेली. थोरला आता पात्र आहे. जीप परत आली नाही.

मी स्वतः ईएसआयमधून पगार वाढल्यामुळे केव्हाच बाहेर पडलो होतो. निवृत्तीआधी पाच वर्षं विमेदार राहिलेल्याला वर्षाला १२० रुपयांत नवरा-बायकोचे उपचार मिळतात. त्यासाठीचा फॉर्म मी शेकडो जणांचा भरला, माझा भरता आला नाही. शेवटी रेशनकार्डाचा रंगही न विचारता मला आत घेतलं ते वयाने. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही आयुष्मान कार्ड मिळतं. पगार, गाडी, जमीन काही विचारत नाहीत, फक्त आधारवरचं वय बघतात. आणि ते वय ठरवलं आमच्या गुरुजींनी, शाळेत नाव घालताना: १ जून १९५३. आई सांगायची, मी भात कापणीला झालो. गुरुजींच्या हिशेबाने निदान मी सत्तरीपार आहे. माझ्याच वर्गातल्या एकाचं साल मात्र आधार काढताना यंत्रावरच्या पोराने १९५८ टाकलंय. आम्ही दोघे एकाच बाकावर बसायचो. या कार्डाला तो आज अपात्र आहे. शाळेचा दाखला घेऊन त्याला आधार केंद्रावर मी पुढच्या सोमवारी नेणार आहे. तुमच्या घरात म्हातारं माणूस असेल तर त्याच्या आधारवरचं साल आजच बघा. दुखणं आल्यावर दुरुस्तीला वेळ मिळत नाही.