एका फळीवरची रेल्वे

१८९१ साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत मेर्क्लिन या जर्मन खेळणी कारखान्याने चावीची आगगाडी मांडली. गाडीपेक्षा तिच्या रुळांची योजना अधिक दूरगामी ठरली. रूळ तुकड्यातुकड्यांनी विकत मिळणार होते आणि एकमेकांना जोडता येणार होते. यंदाच्या वाढदिवसाला वर्तुळ, पुढच्या नाताळला एक सांधा, मग एक सायडिंग, असा संसार वाढवत न्यावा ही त्यामागची व्यापारी दृष्टी होती. रुळांमधल्या अंतरांना क्रमांक दिले गेले. एक नंबर म्हणजे ४५ मिलिमीटर. नंतर त्याहून लहान असा शून्य क्रमांक आला, तो ३२ मिलिमीटरचा. घरातल्या आगगाडीला जागा अपुरी पडू लागण्याची सुरुवात याच योजनेत आहे, कारण वाढत जाणारी वस्तू ठेवायची कुठे याचे उत्तर कारखान्याने दिले नव्हते.

सुरुवातीची पन्नासेक वर्षे हे उत्तर घरोघरी जमिनीवरच शोधले गेले. संध्याकाळी दिवाणखान्यात रूळ अंथरायचे आणि झोपण्यापूर्वी पेटीत भरायचे. मांडणी उचलण्याजोगी होती, पण ती रेल्वेची प्रतिकृती नव्हती. गावे, डोंगर, पूल यांना तिच्यात स्थान नव्हते. ज्यांना तेही हवे होते ते सधन इंग्रज बागेत किंवा माळ्यावर कायमची रेल्वे बांधत, आणि नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोक कंपनीसारखे पुरवठादार त्यांना इंजिने देत.

पहिला उपाय सुचला तो आकार घटवण्याचा. १९२२ साली न्यूरेंबर्गच्या बिंग कारखान्याने बॅसेट-लोकसाठी मेजावर मावणारी छोटी रेल्वे केली. तिचे रूळ शून्य क्रमांकाच्या सुमारे निम्म्या रुंदीचे होते, म्हणून तिला दुहेरी शून्य हे नाव पडले. पुढे ही रुंदी १६.५ मिलिमीटरवर स्थिरावली. युरोप-अमेरिकेत त्या रुळांवर १:८७ प्रमाणाच्या गाड्या आल्या आणि त्या प्रमाणाला एचओ म्हणू लागले. ब्रिटनमध्ये मात्र अडचण आली. तिथली खरी इंजिने युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने बारीक, त्यामुळे १:८७ प्रमाणाच्या कवचात त्या काळची मोटर मावेना. इंग्रजांनी रूळ तेच ठेवले आणि गाड्या तेवढ्या १:७६ च्या प्रमाणात फुगवल्या. १९३८ साली बाजारात आलेल्या हॉर्नबी डब्लोने ही तडजोड पक्की केली. ब्रिटिश प्रतिकृतींमध्ये रूळ गाडीच्या मानाने आजही अरुंद दिसतात, ते या मोटरीमुळे.

आकार निम्मा झाला तरी प्रश्न पुरता सुटला नाही. डब्लोच्या साध्या वर्तुळालाही सुमारे तीन फूट रुंदीची फळी लागे. शिवाय वर्तुळात फिरणारी गाडी कुठेच जात नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये घरे कमी आणि खोल्या लहान होत्या. त्या काळात सिरिल फ्रीझर हा संपादक पुढे आला. ‘रेल्वे मॉडेलर’ या मासिकाची धुरा त्याने १९५० च्या सुमारास हाती घेतली आणि १९७८ पर्यंत वाहिली. छोट्या जागेसाठी त्याने शेकडो आराखडे काढले. त्यांतला मूळ विचार असा, की रेल्वे लहान करण्याऐवजी रेल्वेचा लहान तुकडा निवडावा.

असा तुकडा म्हणून फाट्यावरचे शेवटचे स्थानक सोयीचे ठरले. डेव्हनमधले अ‍ॅशबर्टन हे त्याचे आवडते उदाहरण होते: एक फलाट, मालधक्का, इंजिनाची शेड आणि दिवसाकाठी थोड्या गाड्या. खऱ्या अ‍ॅशबर्टनलाही एक छोटे इंजिन आणि एक-दोन डबे एवढीच गाडी येई, त्यामुळे प्रतिकृतीत आखूड गाडी खोटी वाटत नसे. स्थानकातून निघालेली गाडी पुलाखालून किंवा बोगद्यातून नजरेआड होई आणि मागे दडवलेल्या समांतर रुळांवर जाऊन थांबे. या दडवलेल्या भागाला फिडल यार्ड म्हणतात. नाटकातली विंग जे काम करते तेच त्याचे काम. पात्र आत गेले म्हणजे ते परगावी गेले असे प्रेक्षक समजतो, आणि तिथे हाताने डबे बदलले की तीच गाडी दुसरी होऊन रंगमंचावर येते. वर्तुळाची गरज संपली. लांबट, अरुंद, भिंतीलगत मावणारी फळी पुरेशी झाली.

फ्रीझरचा सर्वांत नावाजलेला आराखडा १९५७ सालचा आहे. त्याचे नाव मायनोरीज. लंडनमधल्या एका रस्त्याचे हे नाव असून त्या परिसरात पूर्वी लंडन अँड ब्लॅकवॉल रेल्वेचे टर्मिनस होते. आराखड्याची लांबी ६ फूट ८ इंच आणि रुंदी अवघी १ फूट. एवढ्यात त्याने दुहेरी मार्ग, तीन फलाट आणि महानगरी टर्मिनसची लगबग बसवली. खुबी सांध्यांच्या रचनेत आहे. दुहेरी मार्गावरून तीन फलाटांकडे जाताना गाडीला एका बाजूला वळून लगेच उलट बाजूला वळावे लागते. लहान फळीवर अशा नागमोडी वळणात डब्यांचे बफर एकमेकांत अडकून गाडी घसरते. फ्रीझरने सांधे अशा क्रमाने मांडले की हा प्रसंग शक्य तितका टळतो. कार्यपद्धतीही त्याने लंडनच्या उपनगरी गाड्यांकडून घेतली. इंजिन गाडी घेऊन फलाटावर येते आणि डबे व बफर यांच्यामध्ये कोंडले जाते. दुसरे इंजिन मागच्या टोकाला लागते, गाडी घेऊन जाते, आणि मगच पहिले मोकळे होते. इंजिन वळसा घालून पुढे आणण्यासाठी लागणारा जादा रूळ त्यामुळे वाचला. फळी मधोमध दुमडून ठेवता येई. मायनोरीजच्या आवृत्त्या आजही बांधल्या जातात आणि तसे होणे रास्तच आहे. जागा वाचवताना खेळ वाढवणारा इतका नेटका आराखडा विरळाच.

बांधलेली रेल्वे घर बदलताना टिकावी यासाठीही तुकड्यांची रचना उपयोगी ठरली. पीटर डेनी हा अँग्लिकन पाद्री. त्याच्या पेशात एका पॅरिशमधून दुसऱ्या पॅरिशमध्ये बदली ठरलेली. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू केलेली त्याची ‘बकिंगहॅम शाखा’ ही छोटी रेल्वे म्हणूनच सुट्या होणाऱ्या फळ्यांवर होती आणि घरागणिक तिची रचना बदलत गेली. शेजारच्या स्थानकावरचा चालक नसला तर काम अडू नये म्हणून त्याने ठरलेल्या क्रमाने गाड्या चालवणारे एक यंत्र बनवले आणि मुलाच्या नावावरून त्याला ‘ऑटोमॅटिक क्रिस्पिन’ म्हटले.

आकार घटवण्याची वाट तिकडे चालूच होती. अमेरिकेत १९४५ च्या सुमारास १२ मिलिमीटर रुळांचे टीटी प्रमाण निघाले, आणि १९५७ मध्ये ब्रिटनच्या ट्राय-अँगने त्याचा आपला अवतार काढला. न्यूरेंबर्गच्या आर्नोल्ड कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी ९ मिलिमीटर रुळांची गाडी आणली आणि त्यातून एन प्रमाण रूढ झाले. जपानमध्ये त्याने घर केले, कारण तिथली घरे लहान. १९७२ साली मेर्क्लिनने १:२२० प्रमाणाचे आणि ६.५ मिलिमीटर रुळांचे झेड काढले, ज्याची अख्खी मांडणी हातातल्या बॅगेत मावते. २००६ मध्ये जपानात दाखवलेल्या टी प्रमाणाचे रूळ तर ३ मिलिमीटरचे आहेत. त्यात वीस मीटरचा डबा साडेचार सेंटिमीटरहूनही कमी भरतो. या शर्यतीचा फायदा वाटतो तेवढा नाही. इंजिन हलके झाले की चाके रुळांवर नीट टेकत नाहीत आणि वीज तुटत राहते. धुळीचा कण आणि फळीच्या सांध्यातला अर्ध्या मिलिमीटरचा फरक गाडी थांबवायला पुरतो. प्रमाण लहान झाले की जागा वाचवण्याऐवजी गाड्याच लांब करण्याचा मोहही होतो.

फ्रीझरचा विचार टोकाला नेला तो शंटिंगच्या कोड्यांनी. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरीचा जॉन अ‍ॅलन त्याच्या तळघर व्यापणाऱ्या भव्य रेल्वेसाठी ख्यातनाम होता. पाहुण्यांच्या करमणुकीसाठी त्याने टाइमसेव्हर नावाची आखूड फळी बनवली, जिच्यावर ठरलेले डबे ठरलेल्या जागी कमीत कमी वेळात पोचवायचे. १९७३ च्या जानेवारीत अ‍ॅलन वारला आणि थोड्याच दिवसांत त्याची मोठी रेल्वे आगीत गेली. टाइमसेव्हरचा आराखडा मात्र जगभर पसरला.

इंग्लंडच्या अ‍ॅलन राइटचे इंगलनूक सायडिंग याहून साधे आहे. नॉर्थम्बरलंडमधल्या किलहॅमच्या खऱ्या सायडिंगवरून ते सुचले. दोन सांधे आणि तीन रूळ, बस. एका रुळावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन रुळांवर तीन-तीन, आणि सांध्यांपुढच्या शंटिंगच्या तुकड्यावर इंजिन व तीन वाघिणी. फळीवर आठ वाघिणी असतात. त्यांतल्या पाचांच्या चिठ्ठ्या काढायच्या आणि त्याच क्रमाने गाडी जोडायची. आठातून पाच वाघिणी क्रमाने निवडण्याच्या ६,७२० तऱ्हा होतात, म्हणजे चार फुटांची फळी कंटाळा येण्याआधी पुष्कळ काळ पुरते. अमेरिकेच्या कार्ल अ‍ॅरेंटने पुढे चार चौरस फुटांच्या आतल्या मांडण्यांना सूक्ष्म मांडणी म्हटले आणि २०११ मध्ये निधन होईपर्यंत तिचा प्रचार केला.

जागा घरी नाही तर सभागृहात तरी असते. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात कॅलिफोर्नियात एनट्रॅक ही पद्धत निघाली. प्रत्येकाने घरी दोन फूट बाय चार फुटांचा एक तुकडा करायचा, टोकाला रुळांची जागा ठरलेली ठेवायची, आणि मेळाव्यात सगळ्यांचे तुकडे जोडून लांबलचक मार्ग उभा करायचा. जर्मनीत १९८१ मध्ये स्थापन झालेल्या फ्रेमो संघाने हीच कल्पना वेळापत्रकानुसार गाड्या चालवण्यापर्यंत नेली. जपानी वळणाची टी-ट्रॅक पद्धत सर्वांत लहान चणीची: तुकडा सुमारे ३१ सेंटिमीटरचा आणि पायांऐवजी सभागृहातलीच मेजे.

या सर्व प्रकारांत खरी कसोटी दोन फळ्यांच्या सांध्याची असते. जुन्या मांडण्यांना दोन इंच बाय एक इंच लाकडाची चौकट असे. ती दमट हवेत पिळवटे. म्हणून पुढे पातळ प्लायवूडच्या हलक्या पेट्या रूढ झाल्या. दोन फळ्या दर वेळी नेमक्या जुळाव्यात म्हणून त्यांच्यात पितळी खुंटी आणि खोबण बसवतात. आवळण्याचे काम बोल्टचे असते, जुळवण्याचे खुंटीचे. बिजागरी वापरायची असेल तर ती रुळांच्या पातळीच्या वर घ्यावी लागते, नाहीतर फळी वर दुमडताना रुळांची टोके एकमेकांवर घासतात. कडेचे रूळ स्लीपरवर नुसते चिकटवून भागत नाही. त्यांच्याखाली पितळी स्क्रू घालून त्यांना सोल्डर करतात आणि मगच रूळ कापतात. वाहतुकीला दोन फळ्या समोरासमोर ठेवून बाजूंना पाट्या लावल्या की दृश्य आत सुरक्षित राहते. एका माणसाला उचलता येईल आणि मोटारीच्या मागच्या दारातून आत जाईल, हीच बहुधा फळीची कमाल मर्यादा धरली जाते.

छोट्या जागेला अरुंद मार्गाच्या रेल्वेही मानवतात, कारण खऱ्या रेल्वेचीच वळणे तिथे आवळलेली असतात. १९७३ साली ब्रिटनमध्ये संघटना स्थापन झालेला ००९ प्रकार एन प्रमाणाच्या ९ मिलिमीटर रुळांवर १:७६ च्या गाड्या चालवतो. १९०७ मध्ये सुरू झालेली नेरळ-माथेरान रेल्वे ६१० मिलिमीटरची आहे. तिच्यासारखी दोन फुटी रेल्वे १:७६ प्रमाणात ८ मिलिमीटर भरते, म्हणजे तयार रूळ जवळजवळ जुळतात. महाराष्ट्रात या छंदाचे ठळक नाव पुण्याच्या भाऊसाहेब जोशी यांचे. आधी त्यांनी हलवता येणाऱ्या मांडण्यांची प्रदर्शने भरवली, आणि १९९८ मध्ये कोथरूडला लघुरेल्वेचे कायमचे संग्रहालय उभे राहिले.

भारतीय ब्रॉडगेजची प्रतिकृती करू पाहणाऱ्यापुढे वेगळीच अडचण असते. १,६७६ मिलिमीटरचा मार्ग १:८७ प्रमाणात १९.३ मिलिमीटर होतो आणि तयार एचओ रूळ जवळजवळ तीन मिलिमीटरने अरुंद पडतात. खरी रुंदी हवी तर रूळ आणि सांधे हातानेच घडवावे लागतात. मोठ्या मांडणीत ते वर्षानुवर्षांचे काम आहे. इंगलनूकच्या फळीवर मात्र त्यासाठी दोन सांधे आणि तीन-चार मीटर मार्ग एवढेच लागते.