सडलेल्या वैरणीतून निघालेले औषध

वैशाख तापला की आपल्या पिंपळगाव राजा-खामगावच्या मुलखात घोळणा फुटणे ही काही नवलाची गोष्ट राहत नाही. कोरड्या हवेने नाकाच्या आतली नाजूक त्वचा सुकते, तडकते आणि रक्त येते. पोरगे असेल तर डोक्यावर पाणी थापतात, कांदा हुंगवतात आणि विसरून जातात. पण हृदयाचे ठोके अनियमित म्हणून रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेणारे कुणी घरात असले, की तेच चार थेंब पाहून सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळते. पहिला विचार येतो तो गोळी बंद करण्याचा. तसे करण्याआधी ही गोळी आली कुठून ते ऐका.

तिचा जन्म गोठ्यातला. 1920 नंतरच्या काळात कॅनडात आणि उत्तर अमेरिकेच्या इतर भागांत धडधाकट गुरे रक्तस्रावाने मरू लागली. शिंगे कापली की रक्त थांबतच नसे. ही गुरे 'स्वीट क्लोव्हर' नावाचा चारा खात. आपल्या गव्हात उगवणारी रानमेथी त्याच्याच जातकुळीतली. स्कोफिल्ड नावाच्या पशुवैद्याने एकाच गंजीतली चांगली आणि खराब ताटे निवडून वेगवेगळ्या सशांना चारली. चांगली खाणारा जगला, खराब खाणारा मेला. पावसात भिजलेली कडब्याची गंजी ज्याने उकलून पाहिली आहे, त्याला यातले मर्म लगेच कळेल.

पुढे फेब्रुवारी 1933 मध्ये विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी बर्फाच्या वादळातून सुमारे 300 किलोमीटर गाडी हाकीत मॅडिसनच्या विद्यापीठात आला. बरोबर मेलेली कालवड, तो सडका चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त! रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक त्याला त्या दिवशी 'चारा बदल' एवढेच सांगू शकले. पण ते आणि त्यांचे विद्यार्थी खपत राहिले, आणि 1939 मध्ये चाऱ्यातले ते द्रव्य हाती लागले. त्याच घराण्यातले वॉरफेरिन 1948 मध्ये बाजारात आले ते, बरं का, उंदीर मारण्यासाठी. 1951 मध्ये हे विष पोटात गेलेला सैन्यातला एक तरुण 'के' जीवनसत्त्वाच्या उपचाराने बरा झाला. उतारा आहे म्हटल्यावर डॉक्टरांना धीर आला. 1954 मध्ये ते माणसांचे औषध ठरले.

विषाचे औषध झाले ते मापामुळे. ठोके अनियमित पडले की हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साचते, गुठळी होते, ती मेंदूत जाऊन अडकली की पक्षाघात. 1978 च्या फ्रॅमिंगहॅम गावच्या पाहणीत असा धोका पाचपटीहून अधिक दिसला; ज्यांच्या झडपा संधिवाताच्या तापाने खराब झाल्या होत्या, त्यांच्यात तर सतरापट. घोळण्याच्या भीतीने गोळी सोडणारा माणूस नेमका हाच धोका ओढवून घेतो.

रक्त किती पातळ झाले हे 'आय.एन.आर.' तपासणीने कळते. बहुतेकांचा आकडा 2 ते 3 च्या दरम्यान हवा असतो. घोळणा वारंवार फुटू लागला तर तपासणी करून घ्यावी आणि गोळीचे काय ते डॉक्टरांना ठरवू द्यावे. नव्या गोळ्यांना या तपासणीची गरज नसते हे खरे. पण झडपेच्या संधिवाती आजारात जुनीच गोळी अधिक उपयोगी पडते, असे 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. मेथी-पालक सोडू नये. मात्र आज भाराभर आणि उद्या काहीच नाही, असेही करू नये. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर आणणे तर अगदीच वाईट.

आता नाकाचे. मान मागे टाकणे, आडवे होणे ही आपली जुनी सवय चुकीची. रक्त घशात उतरते. ताठ बसून थोडे पुढे वाकावे, तोंडाने श्वास घ्यावा आणि नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरावा. पुरती दहा-पंधरा मिनिटे. मधूनमधून सोडून पाहू नये. कांद्याने इजा नाही, पण रक्त थांबते ते चिमटीने. थांबले नाही तर पुन्हा तेवढाच वेळ धरावे. तरीही वाहतच राहिले, रक्त फार जाऊ लागले, चक्कर आली किंवा डोक्याला मार लागलेला असला, तर वाट न पाहता खामगावचे सरकारी रुग्णालय गाठावे. जाताना गोळ्यांची पाकिटे आणि शेवटच्या तपासणीचा कागद बरोबर घ्यावा.