नऊच्या तोफेनंतरचं लखनऊ

मराठी माणसाला लखनऊ आठवतं ते टिळकांच्या 1916 च्या कराराने, नाहीतर भातखंडे संगीत महाविद्यालयामुळे. गोमतीकाठच्या या शहराचा आजचा आराखडा मात्र नवाबांइतकाच फौजेनेही घडवला आहे.

कंपनी सरकारची जुनी छावणी नदीपलीकडे, उत्तरेला मडियांवला होती. 30 मे 1857 च्या रात्री नऊची तोफ झाली की शिपाई उठणार, अशी खबर अवधचे चीफ कमिशनर सर हेन्री लॉरेन्स यांना मिळाली होती. ते मडियांवलाच जेवायला बसले होते. तोफ झाली, काहीच घडलं नाही. तुमचे मित्र वेळ पाळत नाहीत, असं त्यांनी खबर आणणाऱ्याला ऐकवलं. तेवढ्यात बंदुका कडाडल्या! महिन्याभरात शहरातल्या इंग्रजांच्या रेसिडेन्सीला वेढा पडला आणि 4 जुलैला जखमी लॉरेन्स तिथेच वारले.

मार्च 1858 मध्ये शहर पुन्हा हाती आल्यावर इंग्रजांनी मडियांवचा नाद सोडला. लष्करी इंजिनिअर रॉबर्ट नेपियरच्या योजनेने दाट मोहल्ले पाडून रुंद, सरळ रस्ते काढले. हेतू उघड होता: फौज झटकन पोहोचावी, गल्लीबोळांतून कुणी तिला अडवू नये. या रस्त्यांना शहर सुधारणा म्हणणं म्हणजे शुद्ध लबाडी.

नवी छावणी नदीच्या दक्षिणेला, दिलकुशाच्या बाजूला वसली. दिलकुशा या नवाब सआदत अली खानांच्या शिकारीच्या कोठीचे भग्नावशेष आजही त्याच भागात आहेत. 1963 पासून लष्कराच्या मध्य कमांडचं मुख्यालयही लखनऊलाच आहे.