डोंगरमाथ्यावरचे भाऊबंद

नगर जिल्ह्यात काम करणारे अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री सॅम्युअल फेअरबँक हे पक्ष्यांचेही अभ्यासक होते. तमिळनाडूतल्या पलनी डोंगरातल्या एका लाफिंग थ्रशला १८६९ मध्ये विल्यम ब्लॅनफर्ड यांनी त्यांचे नाव दिले : ट्रोकॅलोप्टेरॉन फेअरबँकी. शास्त्रीय नावात पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. ‘फेअरबँकी’ आजही टिकून आहे. पहिल्या शब्दाच्या जागी मात्र पुढे गॅरुलॅक्स आले आणि २०१७ मध्ये मॉन्टेसिंक्ला. ही कारकुनी खोडाखोड नव्हे. प्रजातीचे नाव हा नात्याचा दावा असतो, आणि नाते चुकले की प्रदेशाचा इतिहासही चुकीचा लिहिला जातो.

दक्षिण सह्याद्रीच्या माथ्यावर शोला नावाची खुजी, दाट, थंड जंगले आहेत. तिथल्या पक्ष्यांचे हिमालयातल्या पक्ष्यांशी असलेले साम्य जुन्या निरीक्षकांच्या नजरेतून सुटले नव्हते. माशांचे तज्ज्ञ सुंदरलाल होरा यांनी असा जीवसमूह सातपुड्याच्या रांगेने दक्षिणेत उतरला असावा, असे मांडले. सालिम अलींनी १९४९ मध्ये तोच मार्ग पक्ष्यांना लावून पाहिला. कल्पना देखणी होती. पण लाफिंग थ्रश हिमालयातल्यांसोबत एकाच प्रजातीत बसवल्यामुळे प्रत्येक डोंगरावरचा पक्षी म्हणजे उत्तरेकडच्या कुळातला मागे राहिलेला तुकडा, असा समज सहज पक्का होई. व्ही. व्ही. रॉबिन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डीएनए अभ्यासातून वेगळे चित्र निघाले. इथले लाफिंग थ्रश एकमेकांचे सख्खे भाऊबंद, आणि हिमालयातले त्यांच्यासारखे दिसणारे पक्षी त्यांचे दूरचे नातेवाईक. पूर्वज बाहेरून आले, हे खरेच. पण फाटे इथेच फुटले. निलगिरी आणि अनामलाई यांच्यामध्ये सुमारे ३० किलोमीटर रुंदीची पालघाट खिंड आहे, आणखी दक्षिणेला शेनकोट्टाची. थंड माथ्यावर राहणाऱ्या पक्ष्याला ती सखल, उष्ण पट्टी ओलांडता येत नाही. दोन्हीकडच्या पिढ्यांची सरमिसळ थांबली, फरक साठत गेले. शोलातल्या निळ्या रॉबिनचीही तीच कथा : पालघाटच्या उत्तरेला तांबूस कुशीचा, दक्षिणेला पांढऱ्या पोटाचा.

यावर आक्षेप असा, की पोटाच्या रंगावरून वेगळी जात कशाला? अली आणि रिप्ले यांच्या ग्रंथात हे दोन रॉबिन एकाच जातीच्या उपजाती होते, आणि त्या काळच्या पुराव्यावर तो निर्णय गैर नव्हता. जे पक्षी एकमेकांना भेटतच नाहीत, त्यांचा संकर होतो की नाही हे निसर्गात तपासताही येत नाही. जातीची रेघ कुठे ओढायची यावर तज्ज्ञांचे मतभेद राहणारच, कारण जाती घडणे ही संथ प्रक्रिया आहे आणि आपण ती अर्ध्यावर पाहतो. पण उपजात म्हणा की जात, कोण कोणापासून फुटले हा प्रश्न निराळा, आणि त्याचे उत्तर पुराव्यातूनच मिळते. दुसरी तक्रार नावे सतत बदलण्याची. ती अर्धीच खरी आहे : जातीचे सर्वांत जुने ग्राह्य नाव राखण्याचा नियम आहे, म्हणूनच फेअरबँक शाबूत राहिले. शिवाय संग्रहालयातले नमुने जागेवर असतात. त्यांच्याकडे नव्या प्रश्नांसह परतता येते. त्याच २०१७ च्या अभ्यासात शेनकोट्टाच्या दक्षिणेकडच्या अशंबू डोंगरातला निळा रॉबिन स्वतंत्र जात ठरला. तोवर तो पांढऱ्या पोटाच्या रॉबिनमध्येच मोजला जात होता.