गुणांपलीकडची निवड : नॅशनल ऑनर सोसायटी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी घरांत मूल दहावी-अकरावीत पोहोचले, की एक दिवस शाळेतून पत्र येते. आपला पाल्य 'नॅशनल ऑनर सोसायटी'च्या सदस्यत्वासाठी विचारात घेण्यास पात्र असून त्याने सोबतचे माहितीपत्रक अमुक तारखेपर्यंत भरून द्यावे, असा त्याचा आशय असतो. पत्र वाचून होताच पुण्या-मुंबईच्या आजी-आजोबांना फोन जातो आणि 'निवड झाली' म्हणून तिकडे पेढेही वाटले जातात. प्रत्यक्षात निवड व्हायची असते. पत्राचा अर्थ एवढाच, की गुणांची अट पूर्ण झाली आहे. उरलेल्या तीन अटींचा कस पुढेच लागणार असतो.

या संस्थेची स्थापना १९२१ साली झाली. अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने ती स्थापन केली आणि आजही तीच संघटना तिची पालक आहे. पहिली शाखा पेनसिल्वेनिया राज्यातील पिट्सबर्गच्या फिफ्थ अॅव्हेन्यू हायस्कूलमध्ये सुरू झाली. तेथील मुख्याध्यापक एडवर्ड रायनिअरसन यांचा या उभारणीत मोठा वाटा होता. महाविद्यालयीन पातळीवर 'फाय बीटा कॅपा'सारखी विद्वत्मंडळे १७७६ पासून होती. शालेय विद्यार्थ्यांसाठी तसे काही असावे, परंतु ते केवळ गुणांच्या बळावर मिळू नये, ही त्यामागची कल्पना. म्हणूनच विद्वत्ता, सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य हे चार आधारस्तंभ ठरले. संस्थेच्या बोधचिन्हात कमानीच्या माथ्यावर बसवतात तो मधला दगड आणि पेटती मशाल आहे. या चार गुणांची इंग्रजी आद्याक्षरेही त्यात कोरलेली आहेत.

विद्वत्तेची अट सर्वांत सोपी, कारण ती मोजता येते. राष्ट्रीय घटनेनुसार चारपैकी किमान ३.० सरासरी, म्हणजे साधारण ८५ टक्के किंवा 'बी' श्रेणी आवश्यक असते. ही सरासरी एका सत्राची नसून नववीपासूनची एकत्रित असते. शाळेला ही मर्यादा वाढविण्याचा अधिकार आहे. चुरस असलेल्या उपनगरी शाळांत ती ३.५ किंवा त्याहूनही वर नेलेली आढळते. मात्र एकदा ठरविलेली मर्यादा सर्वांना सारखीच लागू करावी लागते. सदस्यत्व दहावी, अकरावी आणि बारावीच्या विद्यार्थ्यांनाच मिळते. सहावी ते नववीसाठी १९२९ साली स्थापन झालेली 'नॅशनल ज्युनियर ऑनर सोसायटी' आहे, पण तिचा सदस्य आपोआप वरच्या संस्थेचा सदस्य होत नाही.

गुण पुरेसे भरले, की विद्यार्थी 'उमेदवार' होतो. येथूनच आपल्याकडील समजुती अपुऱ्या पडू लागतात. गुणवत्ता यादीच्या संस्कारात वाढलेल्या पालकांना असे वाटते, की ४.० सरासरी असलेल्या मुलाला कोण नाकारणार? परंतु अट पूर्ण केलेल्या उमेदवारांची गुणांनुसार क्रमवारी येथे लावलीच जात नाही. ३.६ सरासरीची मुलगी निवडली गेली आणि ४.० चा मुलगा राहिला, असे घडू शकते आणि घडतेही. त्यात अन्याय झाला असे मानण्याची घाई करू नये.

निर्णय घेते ती पाच शिक्षकांची समिती. तिची नियुक्ती मुख्याध्यापक करतात, परंतु ते स्वतः तिच्यात बसू शकत नाहीत. शाखेचे मार्गदर्शक शिक्षक बैठकीला उपस्थित असतात, पण त्यांना मत नसते. इतर शिक्षकांचे अभिप्राय मागविले जातात. मतदान मात्र पाच जणांचेच आणि निर्णय बहुमताने. आता विचार करावा : दीड-दोन हजार विद्यार्थ्यांच्या शाळेत या पाच जणांपैकी किती जण आपल्या मुलाला ओळखत असतील? बहुधा एक किंवा दोन. उरलेल्यांसमोर असते ते फक्त माहितीपत्रक. त्याला सगळे सोयीने 'अर्ज' म्हणतात, पण काटेकोरपणे पाहता तो अर्ज नव्हे, कारण सदस्यत्व मागून मिळत नाही. समितीला जे दिसलेले नाही ते तिच्यासमोर ठेवण्याचे ते साधन आहे.

आपली मुले नेमकी येथे कमी पडतात, असे वाटते. स्वतःविषयी फार बोलू नये, हा संस्कार घरात चांगलाच. पण या पत्रकात मौन बाळगले तर कोरी जागा तेवढी उरते. 'महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात मदत केली' या वाक्यातून परक्या वाचकाला काहीच कळत नाही. गणेशोत्सव म्हणजे काय, हेच त्याला ठाऊक नसण्याची शक्यता असते. त्याऐवजी, किती वर्षे, किती तास, कोणते काम आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे लिहावे. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या प्रयत्नांतून उत्तर अमेरिकेत ठिकठिकाणी मराठी शाळा चालतात. तेथे दर रविवारी लहान मुलांना बाराखडी शिकविणारी दहावीची मुलगी सेवाही करीत असते आणि नेतृत्वही. तिला मात्र ते 'आईबरोबर जाते' एवढेच वाटत असते, म्हणून ती त्याचा उल्लेखही करीत नाही.

सेवा म्हणजे मोबदल्याविना इतरांसाठी केलेले काम, हा सर्वसाधारण अर्थ. घरच्या दुकानात बसणे किंवा पैसे घेऊन शिकवणी घेणे त्यात बसत नाही. मंदिरातील वा मंडळातील काम धरायचे की नाही, तासांची किमान संख्या किती, हे शाळाच ठरवते. म्हणून शाखेची लेखी नियमावली नववीतच मागून घ्यावी. प्रत्येक कामाच्या वेळी तेथील जबाबदार प्रौढ व्यक्तीची सही घेऊन ठेवावी. दोन वर्षांनंतर त्या व्यक्तीला शोधत फिरणे जिकिरीचे होते. नेतृत्वासाठी निवडून आलेले पदच हवे असे नाही. वाद्यवृंदातील एका विभागाची, क्रीडासंघाची किंवा प्रयोगशाळेतील गटाची जबाबदारीही चालते.

चारित्र्य हा सर्वांत नाजूक निकष. परीक्षेतील नक्कल, शिस्तभंग, वर्गातील वागणूक यांचा विचार होतो. पण मोजपट्टी नसल्यामुळे याच निकषावरून वाद न्यायालयापर्यंत गेले आहेत. केंटकी राज्यातील ग्रँट काउंटीमध्ये पुरेसे गुण असलेल्या दोन विद्यार्थिनींना सदस्यत्व नाकारण्यात आले. एक गरोदर होती, दुसरी माता झाली होती. १९९८ च्या डिसेंबरमध्ये संघराज्य न्यायालयाने त्यांना तात्पुरते सदस्यत्व देण्याचा आदेश दिला. शिक्षणात लिंगभेदास मनाई करणारा १९७२ चा कायदा त्यामागे होता. एरवी मात्र हे सदस्यत्व हक्क नसून सन्मान आहे, असाच दृष्टिकोन न्यायालयांनी साधारणपणे घेतला आहे.

पत्रक पालकांनी स्वतः भरू नये, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. चाळीस वर्षांच्या अभियंत्याची भाषा शिक्षकांना ओळखू येते. तास फुगविणे तर त्याहून घातक. निवड झाल्यावरही चारही निकष टिकवावे लागतात. ते ढळल्यास लेखी सूचना मिळते, बडतर्फीपूर्वी बाजू मांडण्याची संधीही मिळते. परंतु एकदा बडतर्फ झालेल्याचा पुन्हा कधीही विचार होत नाही.

निवड झाली नाही तर राष्ट्रीय कार्यालय त्यात हस्तक्षेप करीत नाही. प्रथम मार्गदर्शक शिक्षकांना आणि नंतर मुख्याध्यापकांना भेटावे. तेही शक्यतो विद्यार्थ्यानेच. पत्रकातील एखादे पान गहाळ झाले, तास नोंदवायचे राहिले, अशा कार्यपद्धतीतील चुका निदर्शनास आणता येतात. दहावी-अकरावीच्या विद्यार्थ्याचा पुढच्या वर्षी पुन्हा विचार होऊ शकतो. महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जात हे सदस्यत्व सन्मानांच्या रकान्यातील एक ओळ असते; ती नसल्याने दारे बंद होत नाहीत.

नोकरीनिमित्त वारंवार गाव बदलणाऱ्या कुटुंबांनी दोन नियम लक्षात ठेवावेत. उमेदवाराने त्या शाळेत साधारण एक सत्र तरी काढलेले असावे लागते, मात्र आधीच्या मुख्याध्यापकांच्या शिफारशीवरून ही अट शिथिल होऊ शकते. आणि आधीच सदस्य असलेला विद्यार्थी नव्या शाळेत गेला, तर जुन्या शाळेचे पत्र दाखविल्यावर तेथील शाखेला त्याला सामावून घ्यावेच लागते. त्यानंतर नव्या शाखेचे निकष त्याला ठरावीक मुदतीत गाठावे लागतात. हे पत्र गाव सोडण्यापूर्वीच हाती घ्यावे, कारण जूननंतर शाळेच्या कार्यालयात कोणी भेटेलच असे नाही.